दोन उंदीर आणि एक डावा हात

गणपतीने वाहन म्हणून उंदीर निवडला तेव्हा पुढे संगणकालाही तेच वाहन लागणार आहे, याची त्याला कल्पना असावी. विद्येच्या देवतेचे आणि विद्येच्या यंत्राचे वाहन एकच निघावे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. आमच्या निर्मलला तेलुगू बोलणारे लोक उंदराला ‘एलुका’ म्हणतात. या महाविद्यालयात आल्यावर कन्नड मैत्रिणींकडून मी ‘इली’ हा शब्द शिकले. टेबलावरचा हा उंदीर मात्र तिन्ही भाषांत ‘माऊस’च आहे. संगणकाच्या प्रयोगशाळेत कोणी ‘उंदीर’ असे ओरडले, तर निम्मा वर्ग बाकावर चढेल!

अशा दोन माउसांची तुलना करावी आणि खेळासाठी त्यांतला कोणता चांगला ते सांगावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. खेळ म्हणजे मैदानावरचे नव्हेत, संगणकावरचे. वाचकांना वाटेल, हा काय लेखाचा विषय झाला? वर्गातल्या मुलांना वाटेल, हिला यातले काय कळते? दोन्ही शंका रास्त आहेत. पण आमच्या घरात दिवाळीच्या सुट्टीत हा विषय तीन आठवडे चालला. त्यात वडील पडले, आजी पडली, आणि शेवटी तो विषय माउसाचा राहिला नाही. म्हणून लिहिते.

प्रथम या उंदराचे मूळ पाहू. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट नावाचे एक शास्त्रज्ञ होते. पडद्यावरच्या हव्या त्या ठिकाणी चटकन बोट ठेवता यावे, यासाठी काय करता येईल, याचा ते विचार करीत होते. त्यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश या सहकाऱ्याने १९६४ साली पहिला माऊस तयार केला. तो लाकडाचा होता! हातात मावेल असा लाकडी ठोकळा, खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन धातूची चाके, वर एक बटण, आणि मागे शेपटीसारखी लोंबणारी वायर. या शेपटीमुळेच त्याला उंदराचे नाव मिळाले. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्टनी तो जाहीरपणे चालवून दाखवला आणि १९७० साली त्याचे पेटंट त्यांना मिळाले.

हा ठोकळा लाकडाचा होता हे वाचले तेव्हा मला फार आनंद झाला. कारण मी सुताराची मुलगी आहे, आणि तीही निर्मलची.

निर्मल हे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. ११ ऑक्टोबर २०१६ पासून ते स्वतःच जिल्ह्याचे ठिकाण झाले आहे. इथल्या पश्चिमेला भैंसा, मुधोळ या बाजूला मराठी घरे पुष्कळ आहेत. (कन्नड विभागाच्या मित्रांनी गोंधळून जाऊ नये, हे मुधोळ बागलकोटकडचे नव्हे.) निजामाच्या राज्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड माणसे एकाच छत्राखाली होती. १९५६ साली भाषावार प्रांत झाले, मराठवाडा मुंबई राज्याकडे गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे गेले आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. पण नांदेडकडून आलेल्या आमच्यासारख्या घरांत चुलीपाशी अजून मराठीच चालते.

निर्मलची खरी ओळख म्हणजे तिथली लाकडी खेळणी आणि चित्रे. पोनिकी नावाचे एक हलके, मऊ लाकूड असते. त्यातून नक्षीकाम करणारे कारागीर पक्षी, प्राणी, फळे कोरतात. तुकडे चिंचोक्याच्या खळीने आणि लाकडाच्या भुश्शाने जोडतात, घासून गुळगुळीत करतात आणि मग रंगवतात. कन्नड मुलुखात चन्नपट्टणला आणि कोकणात सावंतवाडीला जी कीर्ती आहे, तीच आमच्याकडे निर्मलला. माझे वडील मात्र खेळणी करीत नाहीत. ते दारे, चौकटी, पलंग करतात, तेही सागवानाचे. आदिलाबादच्या जंगलातला साग प्रसिद्धच आहे. त्यामुळे एखादी वस्तू हातात घेतली की तिची मूठ पाहायची, वजन तोलायचे, कड बोटाला लागते का ते चाचपायचे, ही सवय आमच्या घरात सगळ्यांनाच आहे.

आता त्या दोन माउसांकडे वळते.

माझा धाकटा भाऊ इंटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी जुना घेतलेला संगणक आहे. रविवारी मित्रांबरोबर काउंटर-स्ट्राइक हा खेळ तो खेळतो. या खेळात पडद्यावर समोर येणाऱ्यावर नेम धरायचा असतो आणि तो नेम माउसाने धरतात. डाव्या हाताने कळफलकावर चालायचे, पळायचे, लपायचे. उजव्या हाताने माऊस फिरवून नेम धरायचा. अशी ही दोन हातांची कसरत आहे. त्याचा जुना माऊस अखेरच्या घटका मोजत होता. सुट्टीत वडिलांच्या हाताखाली पॉलिशपेपर घासून त्याने थोडे पैसे साठवले होते. नवा माऊस कोणता घ्यावा, हा प्रश्न त्याने मला विचारला, कारण मी संगणकशास्त्र शिकते. मग मी येथून जाताना दोन माऊस मागून नेले. एक वर्गातल्या मुलाचा, दुसरा खोलीतल्या मैत्रिणीचा. पहिला होता लॉजिटेकचा जी १०२, वायरचा. दुसरा त्याच कंपनीचा जी ३०४, बिनवायरचा, म्हणजे शेपटी नसलेला उंदीर.

ही जोडी तुलनेला फार चांगली निघाली, कारण दोन्हींचा देह अगदी एकसारखा आहे. लांबी सुमारे साडेअकरा सेंटिमीटर, रुंदी सहा, उंची पावणेचारच्या आसपास; दोन्हींना सहा-सहा बटणे. डोळे मिटून हात ठेवला तर आकारावरून ओळखता येणार नाहीत. जुळ्या भावांत एकाला शेपटी असावी आणि दुसऱ्याला नसावी, तसे ते आहेत. त्यामुळे आकाराचा वाद आपोआप मिटला आणि फरक उरला तो वजनाचा, वायरचा, किमतीचा आणि खोक्यावरच्या आकड्यांचा.

आधी आकडे घेऊ. मुले त्यांच्यावरूनच भांडतात. वायरच्या खोक्यावर ८००० डीपीआय असे असते, बिनवायरच्या खोक्यावर १२०००. धाकट्याला वाटले, बारा हजारवाला दीडपट चांगला. डीपीआय म्हणजे माऊस टेबलावर एक इंच सरकला, तर तो संगणकाला किती पावले चाललो म्हणून सांगतो, ती संख्या. माउसाच्या पोटात एक बारीकसा दिवा आणि एक चिमुकला कॅमेरा असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारो छायाचित्रे घेतो आणि आधीच्या चित्राशी ताडून आपण किती सरकलो ते ठरवतो. पूर्वीच्या माउसात रबरी गोळी असे, तिला कचरा चिकटे आणि ती काढून पुसावी लागे. १९९९ नंतर कॅमेऱ्याचे माऊस घरोघरी येऊ लागले आणि गोळी गेली.

आता साधे गणित करा. आपला पडदा १९२० ठिपके रुंद आहे असे धरू. ८०० डीपीआय ठेवले तर पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला माऊस २.४ इंच सरकवावा लागेल. १२००० ठेवले तर एक इंचाचा सहावा हिस्सासुद्धा पुरे! म्हणजे श्वास घेतला तरी नेम चुकणार. म्हणूनच नावाजलेले खेळाडू बहुतेक ४०० ते १६०० च्या दरम्यानच माऊस ठेवतात. आठ हजार काय नि बारा हजार काय, आपल्याला लागणारे आठशे दोघांकडेही आहेत. मोटारीच्या काट्यावर २२० लिहिलेले असते म्हणून निर्मलहून भैंशाला कोणी त्या वेगाने जात नाही.

दुसरा आकडा वेगाचा. साधा माऊस आपली जागा संगणकाला सेकंदाला १२५ वेळा कळवतो, म्हणजे दर आठ सहस्रांश सेकंदाला एकदा. खेळाचे हे दोन्ही माऊस सेकंदाला १००० वेळा कळवतात. वायर नसली म्हणजे निरोप उशिरा पोचतो, असा जो समज आहे तो या जातीच्या माउसांना लागू नाही. आणि माणसाचे म्हणाल, तर डोळ्यांनी पाहून बोट हलायला आपल्यालाच सेकंदाचा पाचवा भाग लागतो. एक सहस्रांश सेकंदावरून भांडणाऱ्यांनी आधी पुरेशी झोप घ्यावी, एवढाच सल्ला मी देईन.

मग उरले वजन आणि वायर. वायरचा माऊस ८५ ग्रॅमचा, बिनवायरचा सेल धरून ९९ ग्रॅमचा. त्यात एक सेल घालावा लागतो आणि तो एकटाच बावीस-तेवीस ग्रॅम भरतो. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे एक सेल खेळात २५० तास चालतो. म्हणजे रोज दोन तास खेळणाऱ्याला चार महिने चिंता नको. (रोज दोन तास खेळणाऱ्याच्या आईला मात्र चिंता आहेच.) वायरच्या माउसाला सेलची कटकट नाही, पण त्याची शेपटी टेबलाच्या कडेला घासते आणि माऊस जोरात फिरवताना हात मागे ओढल्यासारखा वाटतो. किमतीचे म्हणाल तर मी विचारले तेव्हा बिनवायरचा जवळजवळ दुप्पट महाग होता.

वडील दुपारी जेवायला आले तेव्हा आम्ही हे दोन्ही त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला नाही, खोके पाहिले नाही. दोन तळहातांवर दोन माऊस घेतले आणि क्षणात म्हणाले, “हा जड आहे. वजन मागं आहे.” चौदा ग्रॅमचा फरक! ज्या हाताने चाळीस वर्षे पटाशी धरली, त्याला तराजू लागत नाही. मग त्यांनी विचारले, “कुणाच्या हातासाठी पाहायलास?”

हा प्रश्न आम्हाला तेव्हा नीट कळला नव्हता.

आम्ही परीक्षा सुरू केली. तेच टेबल, तीच गादी, दोन्ही माउसांवर ८०० डीपीआय. आणि हात जोरात फिरवला की बाण आपोआप जास्त पळवणारी जी सोय संगणकात असते, ती बंद. मित्र नकोत, कारण माणसे कधी चांगली खेळतात, कधी वाईट. संगणकाचेच सैनिक समोर घ्यायचे, पन्नास गोळ्या झाडायच्या आणि किती लागल्या ते मी वहीत लिहायचे. एक दिवस हा माऊस आधी, दुसऱ्या दिवशी तो. चार दिवसांनी वही पाहिली तर दोघांत फरक होता तो चार-दोन गोळ्यांचा. तोही कधी याच्या बाजूने, कधी त्याच्या. धाकटा हिरमुसला. एवढी चर्चा, एवढे आकडे, आणि निकाल बरोबरीचा!

पाचव्या दिवशी दुकानात सागाची फळी घासताना त्याच्या उजव्या तळहातात फास गेली. सुईने काढली, हळद लावली, पण मूठ आवळता येईना. संध्याकाळी त्याने माऊस उचलला आणि कळफलकाच्या डाव्या बाजूला ठेवला. सहज, काही न बोलता. जसे काही ती त्याची नेहमीची जागा असावी.

इथे थोडे मागे जायला हवे. माझा हा भाऊ डावखुरा आहे. किंवा होता असे म्हणा, कारण घरात तो विषय संपला होता. लहानपणी तो घास डाव्या हाताने घेई. आजी त्याचा हात धरून उजवा पुढे करी. पहिलीत पाटीवरची पेन्सिल डाव्या हातात असे. गुरुजी ती काढून उजव्यात देत. कोणी मारले नाही, कोणी रागावलेही नाही. फक्त दररोज हात बदलून दिला. वर्षा-दोन वर्षांत तो उजव्या हाताने जेवू लागला, उजव्या हाताने लिहू लागला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. त्याचे अक्षर मात्र कधी धावलेच नाही. दहावीला समाजशास्त्राच्या पेपरात शेवटचे दोन प्रश्न त्याला येत होते, पण हात पोचला नाही. घरी म्हणाले, पोरगं संथ आहे. तोही तसेच मानू लागला होता.

तर त्या संध्याकाळी मी त्याच्या मागे वही घेऊन बसले होते. डाव्या हाताने पहिल्या दिवशी पन्नासांतल्या निम्म्याही गोळ्या लागल्या नाहीत. लागणार कशा? कळफलकावर चालण्याच्या कळा डावीकडे असतात. त्या आता उजव्या हाताला नेमून द्याव्या लागल्या. माउसाची डावी-उजवी बटणे संगणकाच्या मांडणीत जाऊन उलटी करावी लागली. शिवाय या दोन्ही माउसांचा देह दोन्ही बाजूंनी सारखा असला, तरी बाजूची दोन बटणे डाव्या कुशीवरच आहेत. उजव्या हाताने धरले तर ती अंगठ्याखाली येतात, डाव्या हाताने धरले तर करंगळीपाशी. तो काही दोष नव्हे. जगात साधारण दहा माणसांत एकच डावखुरा असतो आणि बाजार नऊ जणांचा हिशेब धरतो. बाजारात याहून महाग माऊस असे मिळतात की त्यांची पाठच उजव्या पंजाच्या उताराची असते. ते तर डाव्या हातात धरवतच नाहीत. आम्ही ती दोन बटणे बंद करून टाकली.

आठवड्याने डावा हात उजव्याच्या बरोबरीला आला. दोन आठवड्यांनी पुढे गेला. आणि फरक चार-दोन गोळ्यांचा नव्हता. वहीतल्या रकान्यात तो बोटाने दाखवावा लागत नव्हता. पण मला जास्त जाणवले ते वेगळेच. उजव्या हाताने खेळताना त्याचा खांदा कानापाशी चढलेला असे. डाव्याने खेळताना तो खाली आला. नेम धरताना दात आवळायचा तो थांबला. दोन माउसांत फरक शोधायला आम्ही निघालो होतो, आणि फरक सापडला तो दोन हातांत.

एंगलबार्टच्या त्या संस्थेतही अशीच तुलना झाली होती. माऊस, प्रकाशलेखणी, दांडा, एवढेच काय गुडघ्याने चालवायचे एक साधनसुद्धा; सगळी साधने माणसांच्या हाती देऊन घड्याळ लावून पाहिली गेली. ज्यांचे हात सरावलेले होते त्यांच्याकडे माऊस सरस ठरला. नवख्यांच्या बाबतीत चित्र निराळे होते. म्हणजे साधनाची परीक्षा घेताना माणसाची परीक्षाही नकळत होत असते, हे पहिल्या तुलनेपासूनच ठाऊक होते. आणखी एक गंमत म्हणजे एंगलबार्टच्या टेबलावर डाव्या हातालाही काम होते. उजवीकडे माऊस आणि डावीकडे पाच कळींची एक छोटी पट्टी. त्यांनी दोन्ही हात कामाला लावले होते.

आता घरातला प्रसंग सांगते. आजीने एका संध्याकाळी पाहिले. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, “पुन्हा डावा?” दोनच शब्द. धाकट्याने हात असा मागे घेतला की जणू ताटात डावा हात घातला होता. सतरा वर्षांचा मुलगा, ओठांवर मिसरूड फुटलेले. आणि हात सहा वर्षांच्या पोरासारखा मागे. ते पाहून माझ्या पोटात कालवले.

वडील ओसरीवर बसले होते. त्यांचे एक वैशिष्ट्य आम्ही जन्मापासून पाहात आलो होतो आणि म्हणूनच ते कोणाला दिसत नव्हते. वडील जेवतात उजव्या हाताने, सही करतात उजव्या हाताने. पण करवत चालवतात डाव्या हाताने. रंधाही डावीकडून. दुकानात गिऱ्हाईक येते, फळी कापलेली सरळ आहे की नाही ते पाहते. ती कोणत्या हाताने कापली हे आजवर कोणी विचारलेले नाही. ज्या डाव्या हाताला ताटाशी मज्जाव, त्याच डाव्या हाताच्या कमाईवर ते ताट वाढले जात होते! मी हे तिथेच बोलून दाखवले. आजीला म्हटले, “आजी, हा माऊस म्हणजे ताट आहे, लेखणी आहे, की करवत?”

आजी विचारात पडली. तिची विचार करण्याची पद्धत मोठी न्यायाची आहे. नियम काय ते आधी ठरवते, मग त्यात वस्तू कुठे बसते ते पाहते. थोड्या वेळाने म्हणाली, “जेवायचं नाही ते. देवाचंही नाही. उंदराला कोणत्या हातानं धरावं, ह्ये कुठं लिहिलेलं नाही बाई.” आणि आत निघून गेली. हा निकाल ऐकून आम्ही हसलो, पण तो निकालच होता.

वडील मात्र हसले नाहीत. खूप वेळाने ते धाकट्याला म्हणाले, “करवतीला डावं-उजवं नसतं. मूठ हातात बसली की ती आहे हे ध्यानात राहू नये. ध्यानात राहिली, तर कापणं वाकडं जातं.” मग जरा थांबून विचारले, “लिहिताना तुला पेन ध्यानात राहतो का रे?”

धाकटा म्हणाला, “रोज राहतो.”

त्यावर कोणीच काही बोलले नाही.

डावखुरेपणा ही वाईट खोड आहे, ती वेळीच मोडावी, असे आपल्याकडे अजून पुष्कळांना वाटते. पण ती खोड नव्हे. आईच्या पोटातल्या बाळांचे सोनोग्राफीने निरीक्षण करणाऱ्यांना बहुतेक बाळे उजवा अंगठा चोखताना दिसली, थोडी डावा. म्हणजे पाटी-पेन्सिल हाती येण्याच्या कितीतरी आधी हाताची निवड होऊ लागलेली असते. आणि हातांचे व्यवहार एकसारखेही नसतात. सचिन तेंडुलकर बॅट उजव्या हाताने धरतो पण लिहितो डाव्या हाताने. सौरव गांगुली फलंदाजी डावखुरी करी आणि गोलंदाजी उजव्या हाताने. या दोघांना कोणी लहानपणी ‘हात बदल’ म्हणून बसवले असते, तर भारताच्या कितीतरी धावा कमी झाल्या असत्या, कोण जाणे.

आता वाचक म्हणतील, बाई, माउसाचे काय झाले? कोणता घेतला? सांगते. आम्ही वायरचा घेतला. तो हलका, तो निम्म्या किमतीचा, त्याला सेल लागत नाही. शेपटी घासण्याची जी अडचण होती तिच्यावर वडिलांनी तोडगा काढला. पोनिकीचा एक तुकडा शेजारच्या खेळणीवाल्या कारागिराकडून आणला, त्याची वीतभर खुंटी केली, डोक्यावर खाच पाडली आणि ती जड सागवानी पाटावर बसवली. वायर त्या खाचेतून वर घेतली की टेबलाला लागतच नाही. अशा खुंट्या बाजारातही विकत मिळतात हे मला नंतर कळले. पण पहिल्या माउसाप्रमाणे आमच्या माउसाच्या संसारातही थोडे लाकूड आले, याचे मला समाधान आहे. ज्याच्याकडे पैसा आहे, ज्याला टेबलावर पसारा नको आहे, किंवा ज्याचा संगणक दूर आहे, त्याने बिनवायरचा जरूर घ्यावा. तो काही कमी नाही. ज्याला पैशाचा हिशेब पाहायचा आहे त्याने वायरचा घ्यावा आणि एक खुंटी करावी. आकड्यांच्या मागे कोणीच लागू नये. आणि दुकानात गेल्यावर माऊस आधी दोन्ही हातांत धरून पाहावा. दोन्ही हातांत, हे मुद्दाम लिहिते.

किमतीतल्या फरकाचे पैसे उरले. त्यातून धाकट्याने काय घेतले असेल? दुरेघी वह्यांचा एक गठ्ठा. पहिलीच्या मुलांना देतात तसल्या. रोज रात्री तो एक पान डाव्या हाताने लिहितो. आपल्या लिप्या डावीकडून उजवीकडे जातात, त्यामुळे डावखुऱ्याचा हात ओल्या शाईवरून फिरतो आणि अक्षर पुसट होते. त्यावर उपाय म्हणजे वही थोडी उजवीकडे कलती ठेवायची आणि हात ओळीच्या खाली ठेवायचा. हे मी येथून फोनवर सांगत असते. मार्चमध्ये त्याची परीक्षा आहे. तोवर डावा हात पेपर लिहिण्याइतका तयार होईल की नाही, हे सांगता येत नाही. दहा-अकरा वर्षांची उजवी सवय आहे. ती काही पन्नास गोळ्यांच्या खेळासारखी दोन आठवड्यांत फिरणार नाही. कदाचित ही परीक्षा तो उजव्या हातानेच देईल. त्याची इच्छा असेल तसे होईल. आजीही आता रात्री त्याच्या वहीकडे पाहते आणि काही न बोलता कंदमुळे निवडावीत तशी एकेक अक्षर निरखते. परवा म्हणे तिने विचारले, “ह्यो ‘क’ सरळ आलाय की रे. कोणत्या हाताचा?”

मित्रमैत्रिणींनो, आपल्या प्रयोगशाळेत वीस संगणक आहेत आणि वीसही माऊस उजवीकडे ठेवलेले आहेत. आपल्यातल्या दहांतल्या एकाने कधीतरी तो उचलून डावीकडे ठेवला, तर शेजारच्याने “काय झाले?” असे विचारू नये. काही झालेले नसते. वायर तेवढी पुरते का, हे पाहून द्यावे.